साडेपाचशे पापुद्र्यांवर उभा घोडा

उजव्या हाताचे मधले बोट ताठ करा आणि टेबलावर असे उभे टेकवा की, नखाचे टोक आणि बोटाचा शेंडा एवढाच भाग टेबलाला लागेल. आता त्यावर हळूहळू भार द्या. फार वेळ काही देववत नाही. घोडा मात्र जन्मभर असाच उभा असतो. त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट आहे, तेही आपल्या मधल्या बोटाशी जुळणारे. त्या बोटाच्या टोकाभोवती वाढलेले जाड, गोलाकार नख म्हणजे त्याचा खूर. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरे पाहता त्याचे मनगट! सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या त्याच्या कोल्ह्याएवढ्या पूर्वजाच्या पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्या पायांना तीन-तीन बोटे होती. उघड्या मैदानावर वेगाने पळणाऱ्याला लांब आणि हलका पाय फायद्याचा. म्हणून लक्षावधी पिढ्यांत बाजूची बोटे खुरटत गेली आणि सारा भार मधल्या बोटावर आला.

हा भार थोडाथोडका नाही. घोड्याचे वजन ५०० किलो धरा. त्यातले सुमारे ६० टक्के पुढच्या दोन पायांवर असते. म्हणजे नुसते उभे असतानाच पुढच्या प्रत्येक खुरावर दीडशे किलो. घोडा चौखूर उधळला की एक क्षण असा येतो, जेव्हा एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट जोर पडतो. हिशेब करा, सव्वा टन होतो!

हा जोर खुरात नेमका कुठे पेलला जातो? तळव्यावर, असे तुम्ही म्हणाल. वर्गात विचारले तर बहुतेक सगळेच तसे म्हणतात. पण तसे नाही.

भिंतीला टांगलेले हाड

खुराच्या आत, बाहेरच्या खुरासारख्याच आकाराचे एक लहान हाड असते. हे हाड तळव्यावर बसलेले नसते, तर खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. भिंतीच्या आतल्या बाजूला उभे, पातळ, पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे असतात. हाडाच्या बाहेरच्या बाजूलाही तसेच पापुद्रे असतात आणि हे दोन्ही संच एकमेकांत गुंतलेले असतात. प्रत्येक खुरात असे साडेपाचशे ते सहाशे पापुद्रे भरतात. शिवाय प्रत्येक पापुद्र्याला दोन्ही अंगांनी दीडशे-दोनशे अगदी बारीक उपपापुद्रे फुटलेले असतात. त्यामुळे तळहाताएवढ्या जागेत जोडणीचे क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटरपर्यंत जाते. आपल्या फुप्फुसांत किंवा आतड्यांत जी युक्ती आहे तीच इथेही आहे: थोड्या जागेत घड्या घालून पृष्ठभाग वाढवायचा.

एक प्रयोग करून पाहा. दोनशे पानी दोन वह्या घ्या. एकीचे एक पान, दुसरीचे एक पान, असे करत साऱ्या पानांची एकमेकांत गुंफण करा. वेळ लागेल, पण कंटाळू नका. आता दोन्ही वह्यांच्या शिवणी धरून ओढा. दोन धट्टीकट्टी मुले दोन बाजूंनी लागली तरी वह्या सुटत नाहीत. डिंक नाही, टाचणी नाही, तरीही! उपमा मात्र इथेच थांबवायला हवी. वह्यांना घर्षण धरून ठेवते. खुरात हे काम जिवंत पेशी आणि त्यांच्याखालचे एक अतिशय पातळ पटल करते. जिवंत वस्तू आजारी पडू शकते. घोडे पेंड खाते ते इथेच.

या पापुद्र्यांची जोडणी ढिली पडण्याच्या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. लॅटिन भाषेत ‘लॅमिना’ म्हणजे पातळ पत्रा किंवा पापुद्रा. ‘आयटिस’ हा प्रत्यय दाह दाखवतो. हे नाव पुरते बरोबर नाही, कारण या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात दाह हे मूळ कारण नसते. ते आपण पुढे पाहू.

आजार झाला की काय दिसते? घोडा पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, भार मागच्या पायांवर घेऊन उभा राहतो. चालला तर आखडत, काट्यांवरून चालल्यासारखा चालतो. वळताना विशेष दुखते. खुराला हात लावला तर तो गरम लागतो आणि खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बोट ठेवले तर नाडी जोराने उडताना कळते. स्वीडनचे पशुवैद्य निल्स ओबेल यांनी १९४८ मध्ये या आजाराच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर घोडा नुसता एक पाय उचल, दुसरा उचल असे करीत राहतो. चौथ्या पायरीवर तो जागचा हलायला तयार नसतो. या पायऱ्या आजही वापरल्या जातात.

दाराच्या फटीत बोट सापडून नख काळेनिळे झाल्याचा अनुभव तुमच्यापैकी कोणाला असेल, तर ही वेदना कशी असेल याची थोडी कल्पना त्याला येईल. आत सूज येते, पण बाहेरचे कवच कठीण, म्हणून सुजेला पसरायला जागाच नसते. आपण दुखऱ्या बोटावर निदान उभे तरी राहत नाही. घोड्याला राहावे लागते. त्यातच खुरातल्या हाडाच्या मागच्या बाजूला एक जाड स्नायूबंध जोडलेला असतो आणि तो हाडाला सतत मागे-वर ओढत असतो. पुढची पापुद्र्यांची पकड सुटली की हे हाड फिरते आणि त्याचे टोक तळव्याकडे झुकते. कधीकधी ते तळवा भेदून बाहेरही येते.

अमेरिकेतील ‘सेक्रेटेरिएट’ हा घोडा शर्यतींच्या इतिहासातला एक अद्वितीय घोडा. १९७३ मध्ये बेलमाँटची दीड मैलाची शर्यत त्याने २ मिनिटे २४ सेकंदांत आणि दुसऱ्या घोड्याला ३१ लांबींनी मागे टाकून जिंकली. १९८९ मध्ये त्याला लॅमिनायटिस झाला. उपचारांचा उपयोग होईना, तेव्हा त्याचे हाल थांबवण्यासाठी ४ ऑक्टोबर १९८९ रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पैसा, डॉक्टर, औषधे, कशाचीच तिथे वाण नव्हती.

आजाराच्या तीन वाटा

या दुखण्यापर्यंत जाणाऱ्या वाटा निरनिराळ्या आहेत. पहिली वाट सर्वांत जुनी. प्राचीन ग्रीक लोक घोड्याच्या एका आजाराला ‘क्रिथियासिस’ म्हणत. ‘क्रिथे’ म्हणजे बार्ली. तो हाच आजार असावा असे अनेक अभ्यासक मानतात. रात्री दावे सुटले, घोड्याने धान्याच्या कोठीत तोंड घातले आणि मनसोक्त खाल्ले, असे समजा. घोड्याला उलटी करता येत नाही. इतके धान्य लहान आतड्यात पचत नाही, ते तसेच पुढे अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात जाते. तिथे गवत कुजवणाऱ्या उपयुक्त जीवाणूंची वस्ती असते. पिष्टाचा हा पूर आला की वेगळेच जीवाणू माजतात, भराभर आम्ल तयार होते, आतड्याचे अस्तर बिघडते आणि विषारी द्रव्ये रक्तात शिरतात. त्यांचा घाव शेवटी खुरात बसतो. यात फसवणारी गोष्ट अशी की, खुराचे दुखणे दिसायला एक-दोन दिवस जातात. सकाळी घोडा बरा दिसतो म्हणून मालक निर्धास्त राहतो. खरे तर डॉक्टरला बोलवायची वेळ तीच असते.

या वाटेवर एक साधा उपाय फार उपयोगी पडतो: थंडावा. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ॲन्ड्रू व्हॅन एप्स आणि क्रिस्टोफर पॉलिट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग विद्यार्थ्यांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. त्यांनी प्रत्येक घोड्याचा पुढचा एकच पाय दोन दिवस बर्फाच्या पाण्यात ठेवला, दुसरा तसाच सोडला. तोच घोडा, तेच खाणे, तेच रक्त. थंड ठेवलेला खूर बऱ्याच अंशी वाचला. तुलनेसाठी दुसरा घोडा शोधण्याची गरजच ठेवली नाही!

दुसरी वाट म्हणजे एका पायाला इजा झाल्यामुळे दुसऱ्यावर सतत पडणारा भार. पापुद्र्यांतून रक्त नीट खेळायला खुरावरचा भार आलटून पालटून कमी-जास्त व्हावा लागतो. ‘बार्बारो’ या घोड्याने मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकली आणि दोनच आठवड्यांनी दुसऱ्या शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, मोडलेले हाड सांधतही आले. पण जुलैत डाव्या, म्हणजे धडधाकट, पायाच्या खुराला लॅमिनायटिस झाला. पुढे तो इतर पायांतही आला आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याचाही शेवट करावा लागला.

तिसरी वाट इन्सुलिनची. आज पशुवैद्यांकडे येणाऱ्या लॅमिनायटिसच्या बहुसंख्य घोड्यांत आणि तट्टांत हीच वाट सापडते. तिचा शोध कसा लागला ही हकीकत एखाद्या तपासकथेसारखी आहे.

आरोपी कोण? साखर की इन्सुलिन?

इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक तुम्हाला जीवशास्त्राच्या पुस्तकातून ठाऊक आहे. जेवल्यावर रक्तातले ग्लुकोज वाढते. इन्सुलिन स्रवते आणि स्नायू, चरबी यांच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावते. काही शरीरांत मात्र पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन ओतते. माणसात हे वर्षानुवर्षे चालले की पुष्कळदा स्वादुपिंड थकते, रक्तातील साखर वाढते आणि मधुमेह होतो. घोड्याचे स्वादुपिंड सहसा थकत नाही. ते इन्सुलिन ओततच राहते. त्यामुळे साखर तपासली तर जवळजवळ नेहमीसारखी निघते, इन्सुलिन मात्र कितीतरी पट वाढलेले असते. केवळ साखर मोजणारा डॉक्टर इथे फसेल.

१९८० नंतरच्या दशकात संशोधकांच्या ध्यानात आले की, ज्या तट्टांना वारंवार लॅमिनायटिस होतो त्यांची इन्सुलिनची वागणूक वेगळी असते. २००२ मध्ये अमेरिकेतील फिलिप जॉन्सन यांनी लठ्ठपणा, इन्सुलिनला दाद न देणे आणि लॅमिनायटिस या त्रिकुटाला ‘घोड्यातील चयापचय-विकार’ अशा अर्थाचे नाव सुचवले. पण दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. छत्र्या आणि चिखल नेहमी एकाच वेळी दिसतात, म्हणून छत्र्यांमुळे चिखल होत नाही.

एक कल्पना फार पटण्याजोगी होती. ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेत १९९८ च्या सुमारास खुराचे बारीक तुकडे पोषक द्रवात ठेवून पाहिले होते. द्रवात ग्लुकोज असले तर पापुद्रे घट्ट राहत. ग्लुकोज काढून घेतले तर दीड-दोन दिवसांत, ओढल्यावर ते सुटून येत. म्हणजे पापुद्र्यांना ग्लुकोज लागते. मग इन्सुलिनला दाद न देणाऱ्या घोड्यात या पेशींची उपासमार होत असेल आणि म्हणून जोडणी सुटत असेल! किती सरळ उत्तर! तुम्ही तिथे असता तर तुम्हीही ते मान्य केले असते.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या उत्तराची परीक्षा घेतली. त्यांनी निरोगी, तरुण, पूर्वी कधीही हा आजार न झालेली तट्टे निवडली. काहींच्या शिरेतून सतत इन्सुलिन दिले. नुसते इन्सुलिन दिले तर रक्तातील साखर धोकादायक उतरली असती, म्हणून बरोबर तेवढेच ग्लुकोजही देत राहिले आणि साखर नेहमीच्या पातळीवर ठेवली. दुसऱ्या गटाला फक्त मिठाचे पाणी दिले. म्हणजे पहिल्या गटात साखर कमी नाही, जास्त नाही, चरबी नाही, पोटाचा बिघाड नाही. वाढलेले होते फक्त इन्सुलिन. ७२ तासांच्या आत पहिल्या गटातील सर्व तट्टांना चारही पायांत लॅमिनायटिस झाला. दुसऱ्या गटातील एकालाही झाला नाही. २०१० मध्ये हाच प्रयोग मोठ्या घोड्यांवर झाला, त्यांना तर दोनच दिवस पुरले.

पेशींना ग्लुकोज भरपूर मिळत होते, तरी जोडणी सुटली. शिवाय असेही आढळले की, पापुद्र्यांतील पेशी ग्लुकोज घेण्यासाठी इन्सुलिनवर अवलंबूनच नसतात. उपासमारीची कल्पना अशी गळून पडली. आरोपी साखर नव्हती, साखरेचा कारभार पाहणारे इन्सुलिनच होते.

कोणी चिकित्सक विद्यार्थी विचारील, “पण प्रयोगात इन्सुलिन फारच जास्त दिले असेल तर?” प्रश्न अगदी योग्य आहे. दिले होते खरेच फार. म्हणून पुढे घोड्यांना नुसते ग्लुकोज देऊन, त्यांच्याच स्वादुपिंडाने वाढवलेल्या मध्यम इन्सुलिनचा परिणाम पाहिला गेला. घोडे लंगडले नाहीत, पण सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्र्यांत बदल सुरू झालेले दिसले. दुखणे बाहेर दिसण्याआधी आत सुरू झालेले असते, हे त्यावरून कळले.

या प्रयोगांतील तट्टांना दुखणे दिसू लागताच वेदनारहित मरण देण्यात आले, कारण त्यांचे खूर आतून तपासायचे होते. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, आणि वाटावेच. हा प्रयोग करावा की नाही, यावर शिक्षकांनी वर्गात चर्चा घडवली तर तो तास वाया जाणार नाही. माझे मत विचाराल तर, त्या मूठभर तट्टांमुळे आज हजारो घोड्यांची तपासणी योग्य दिशेने होते. पण याहून वेगळे मत असणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

इन्सुलिन पापुद्र्यांना नेमके कसे इजा करते यावर अजून काम चालू आहे. इन्सुलिन हे वाढीला चालना देणाऱ्या दुसऱ्या एका संप्रेरकाशी बरेच मिळतेजुळते असते. ते फार वाढले की त्या दुसऱ्या संप्रेरकासाठी असलेल्या पेशींवरच्या जागाही वापरू लागत असावे, असा एक तर्क आहे. पेशी ताणल्या जातात, पापुद्रे लांबतात आणि त्यांची पकड सैल होते, हे मात्र दिसलेले आहे.

म्हाताऱ्या घोड्यांत आणखी एक गोष्ट भर घालते. साधारण १५ वर्षांपुढे काहींच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा एक भाग जास्त काम करू लागतो. अशा घोड्याची लांब, कुरळी लव उन्हाळा आला तरी झडत नाही. त्यांपैकी काहींचे इन्सुलिन वाढलेले सापडते. यावर औषध आहे.

गवतसुद्धा?

धान्य आणि गूळ समजू शकतो, पण गवताने घोडा आजारी पडावा? युरोपात वसंत ऋतूत हिरव्या कुरणावर सोडलेल्या तट्टांना हा आजार होतो, हे तिकडच्या पशुपालकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. दिवसा लख्ख ऊन पडले की गवत भरपूर शर्करा बनवते. रात्री गारठा असेल तर वाढ थांबते, बनवलेली शर्करा खर्च होत नाही आणि पात्यांत, देठांत साठते. म्हणून दव गोठलेल्या सकाळचे, दिसायला साधे गवत तट्टासाठी मिठाईच असते. शेटलंड किंवा वेल्श तट्टे खडकाळ, निकृष्ट चराईवर वाढलेली. मिळेल तेव्हा चरबी साठवायची आणि हिवाळ्यात ती पुरवायची, हा त्यांचा स्वभाव तिथे त्यांना तारून नेई. आता हिवाळ्यातही गोणीभर खाणे समोर येते आणि काम काहीच नसते.

आपल्याकडची हरळी आणि ज्वारीचा कडबा यांचा साठा वेगळ्या प्रकारचा असतो, त्यामुळे युरोपातले नियम इथे जसेच्या तसे लावू नयेत. आपला धोका बहुधा तोबऱ्यात असतो. हरभऱ्याची चंदी, मका, बार्ली आणि वर प्रेमाने चारलेला गूळ! कष्टाच्या घोड्याला चंदी लागते. माथेरानच्या चढावर दिवसभर माणसे वाहणाऱ्याला ती मिळालीच पाहिजे. पण वरातीपुरता बाहेर निघणारा आणि एरवी खुंट्याला बांधलेला घोडा तेवढीच चंदी खाऊ लागला, तर हिशेब चुकतो. शेतकऱ्यांच्या मुलांनी हेही लक्षात ठेवावे की, वैरण कमी करून पशुखाद्याचा भडिमार केला तर संकरित गाईंच्या खुरांनाही लॅमिनायटिस होतो. तिथली वाट मुख्यतः पोटातल्या आम्लाची असते.

मग करायचे काय? आधी घोडा लठ्ठ आहे का ते पाहायचे. त्याला काटा लागत नाही. हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचे बोट मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर घोडा रोड. मुठीच्या मागच्या सपाट भागावरून फिरवा: हाडे दिसत नाहीत, पण लागतात, ही योग्य स्थिती. तळहाताच्या मांसल भागासारखे लागले आणि बरगडी सापडेचना, तर चरबी जास्त. आयाळीच्या मुळाशी मानेवर कडक उंचवटा चढला असेल तर इन्सुलिनची तपासणी करून घ्यावी.

अशा घोड्याची चंदी आणि गूळ बंद करून त्याला वाळले गवत देतात, दिवसाला वजनाच्या दीड टक्का, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात किलो. हे गवत अर्धा-एक तास भरपूर थंड पाण्यात भिजवून पाणी फेकून दिले की त्यातली काही शर्करा धुऊन जाते. घोड्याला एकदम उपाशी मात्र ठेवू नये. तट्टे आणि गाढवे यांच्या रक्तात उपासाने चरबीचा लोंढा येतो आणि तो जिवावर बेततो. पाय दुखत नसतील तर रोज रपेट हवी, कारण कामावर असलेले स्नायू इन्सुलिनला चांगली दाद देतात. हल्ली माणसांच्या मधुमेहावरील, साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी काही औषधेही घोड्यांत वापरली जातात. त्यांवर डॉक्टरची नजर मात्र लागते.

दुखणे सुरू झालेच तर घोड्याला चालवू नये. जुन्या पुस्तकांत ‘फिरवून आणा’ असा सल्ला सापडतो, तो घातक आहे. सुटत आलेल्या पापुद्र्यांवर प्रत्येक पावलाचा हिसका बसतो. खाली मऊ, जाड अंथरूण घालावे, खूर थंड ठेवावेत आणि डॉक्टर व नालबंद दोघांनाही बोलवावे. खूर कसा कापायचा आणि टाचेला आधार कसा द्यायचा, हे दोघांनी मिळून क्ष-किरण चित्र पाहून ठरवायचे असते.

नालबंदाची गोष्ट निघालीच आहे, तर खुरावरची आडवी वलये पाहायला विसरू नका. सुरक्षित अंतरावरून पाहा, मागून जाऊ नका. खूर वरच्या केसांच्या कडेपासून खाली, महिन्याला सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. निरोगी खुरावरची वलये एकमेकांना समांतर असतात. लॅमिनायटिस होऊन गेलेल्या खुरावर ती पुढे दाटीवाटीने आणि टाचेकडे फाकलेली दिसतात, कारण पुढची वाढ मंदावते आणि टाच वाढत राहते. अशा फाकलेल्या वलयाचे केसांच्या कडेपासूनचे अंतर २४ मिलिमीटर भरले, तर दुखणे तीन महिन्यांपूर्वीचे. त्या सुमारास घोड्याच्या खाण्यात काय बदल झाला होता, ते मालकाला विचारा.